बोर्गाचं गाऱ्हाणं

दुपारचं जेवण उरकलं, भांडी पालथी पडली, वाडीतल्या घरांची पुढची दारं लोटली गेली, की दीपिका बाळंतिणीच्या खोलीत जायची आणि आतून कडी घालायची. तिचा नवरा धनेश हा त्या खोलीत जन्मलेला शेवटचा. ओवी, त्यांची एकुलती एक लेक, कुडाळला इस्पितळात झाली. तेव्हापासून त्या खोलीत सोललेले नारळ, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या आणि लग्नाकार्याची मोठी पातेली एवढ्यांचीच वस्ती होती. खिडकी नाही, भिंती हातभर जाडीच्या, आत मोबाइलची रेंजसुद्धा शिरत नाही. दीपिकाला काम देणाऱ्या मुंबईच्या रियाने या खोलीचा फोटो पाहिला तेव्हा ती खूश होऊन म्हणाली होती, "ताई, लोक असा स्टुडिओ मुद्दाम बांधून घेतात."

मग दीपिकाने पातेली माळ्यावर चढवली, नारळ पडवीत काढले, भिंतींना सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या टांगल्या आणि तांदळाच्या पिंपावर माइक ठेवला. पंखा लावायची सोय नाही, त्याचा आवाज येतो. अंगावर घामाच्या धारा, कानांना हेडफोन, समोर लॅपटॉपवर कुठल्याशा बर्फाळ मुलखातली एक लठ्ठ दाई, आणि त्या दाईच्या तोंडात वालावलच्या दीपिकाचा आवाज. दाईचं नाव बोर्गा.

बोर्गा ही 'चंद्रखड्गाचे वारस' या परदेशी मालिकेतली. मालिका शाळा-कॉलेजातल्या पोरांसाठी केलेली, मोबाइलवर मराठीतून बघायला मिळायची. एलीन नावाची अनाथ मुलगी, तिच्या मनगटावर चंद्रकोरीची खूण, म्हणून तिला डोंगरापलीकडच्या जादूच्या विद्यालयात शिकायला पाठवतात. जिने तिला लहानाची मोठी केली ती बोर्गा मागे घरी राहते. अधूनमधून बोचकं बांधून, डोंगर चढून ती एलीनला भेटायला जाते. विद्यालयाच्या उंबऱ्याला अडखळून पडते, सूप सांडते, उंची कपड्यातल्या पोरांसमोर खो खो हसते. एवढंच तिचं काम.

हे काम दीपिकाकडे वाकड्या वाटेने आलं. ती मूळची कणकवलीची, मराठी घेऊन बी.ए. झालेली. लग्न होऊन वालावलला आली. धनेश बोटीच्या इंजिनावर मोटरमन, वर्षातले दोन-तीन महिने घरी, बाकी समुद्रात. सासरे तिने फक्त फोटोत पाहिलेले, आणि सासूबाई ओवी हायस्कुलात असताना गेल्या. टाळेबंदीत गावची शाळा बंद पडली तेव्हा दीपिका शाळेच्या ग्रुपवर रोज एक गोष्ट वाचून टाकायची, कोल्ह्याला वेगळा आवाज, म्हातारीला वेगळा. त्यातली एक गोष्ट या मोबाइलातून त्या मोबाइलात फिरत फिरत रियाच्या कानावर गेली. परदेशी मालिकांचं मराठी करून घेणं हा रियाचा उद्योग.

"ताई, तुम्हाला मालवणी येतं ना? अस्सल?"

"अस्सल म्हणजे काय, घरात तेच बोलतो."

"मग झालं. बोर्गा मालवणी बोलणार."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे नॉर्मल."

हे 'नॉर्मल' दीपिकाला तेव्हा बोचलं नाही. कुसळाचं तसंच असतं. पायात शिरताना कळत नाही, चालायला लागल्यावर कळतं.

खरं तर असल्या मालिका म्हणजे मायलेकींचा जुना नाद. ओवी आठवीत गेल्यापासून रात्रीची जेवणं झाली की मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा, आणि बघायला बसायचं. राजकन्या बदलायच्या, तलवारी बदलायच्या, माणसं मात्र तीच. ओवीने त्याचं शास्त्रच बनवलं होतं. नायिका अनाथ पाहिजे, कारण आई असली तर ती दिवेलागणीच्या आत घरी बोलावणार, मग जग कोण वाचवणार? जिवलग मित्र जाडा आणि खादाड. चष्मेवाल्या मुलीने सगळी पुस्तकं वाचलेली, आणि शेवटच्या भागात तिने चष्मा काढला की ती सुंदर. दुष्ट माणूस गोरापान, केस पांढरेशुभ्र, आणि सगळ्या मालिकेत धड कपडे एकट्या त्याचे. आणि जे म्हातारं माणूस नायिकेला जवळ बसवून मायेने वाढील, ते जाणार म्हणजे जाणार.

"तो बघ आई, वाढल्यान," ओवी म्हणायची. "गेलो आता."

"गो, त्या म्हाताऱ्याक घास तरी गिळूक दी."

"दुसऱ्या सीझनात दिसलो तर माका सांग."

बोर्गाचं काम आलं तेव्हा ओवी दहावीत होती. पहिला भाग तिने आईच्या मांडीला मांडी लावून पाहिला आणि हसून हसून तिला ठसका लागला. "आई, तू वाढतंस म्हणजे तू पण मरतलंस." दीपिका म्हणाली, "माका म्हायत आसा. पण दोन सीझन तरी जगतलंय."

त्यानंतर दहावीचा निकाल लागला, आणि अकरावीला ओवी कोल्हापूरला हॉस्टेलात गेली. फोंडाघाट चढून जाणारी गाडी कणकवलीच्या स्टँडवरून सुटली तेव्हा दीपिकाने खिडकीत हात घालून तिच्या हातात डबा दिला, आणि गाडी वळणाआड गेल्यावर उगाच रिकामी पिशवी घडी करत उभी राहिली.

एका माणसाचा स्वयंपाक हा काही स्वयंपाक नव्हे. भात करायला घेतला की मुठीचा अंदाज चुकायचा, आमटी दोन-दोन दिवस पुरायची. मासेवाली सावित्री पाटी उतरून बसली की आधी चार घरची बातमी सांगायची आणि मग दीपिकाने काय घेतलं ते बघून म्हणायची, "येकच बांगडो? मांजराक व्हयो काय गो?" दीपिका हसायची. एवढं हसणं सकाळचं. पुढे सगळा दिवस पडलेला. रेडिओ लावला तरी तो आपणहून कुणाशी बोलत नाही. धनेशचा फोन बोटीला नेटवर्क मिळेल तेव्हा, आणि त्यातला अर्धा वेळ 'आयकाक येता मा, आयकाक येता मा' यातच जायचा. हळूहळू असं झालं की दिवसभरात दीपिकाच्या तोंडून जी वाक्यं बाहेर पडायची त्यांतली बहुतेक बोर्गाची असायची. ती रडायची बोर्गाचं, हसायची बोर्गाचं, आणि कडी काढून बाहेर आली की घर पुन्हा जसंच्या तसं.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला एक प्रसंग होता. बोर्गा डोंगर चढून येते, एलीनचा चेहरा दोन्ही हातांत धरते आणि म्हणते, 'अरे देवा, किती बारीक झालीस तू.' लिहून आलेलं वाक्य काही केल्या त्या ओठांवर बसेना. दीपिकाने तीनदा म्हणून बघितलं, वैतागली, आणि चौथ्या वेळेला तिच्या तोंडून आपसूक गेलं, "खाल्लंस काय गो बाये?" ओठांवर ते असं बसलं जसं काही ती परदेशी बाई हेच बोलली होती.

रियाला ते फार आवडलं. लोकांनाही आवडलं. कुणीतरी तेवढाच तुकडा कापून त्याला ढोलकी लावली, कुणी त्यावर नाचलं, कुणी आपल्या कुत्र्याच्या तोंडी घातलं. धनेश बोटीवरून म्हणाला, "आमच्याकडे येक मराठी कूक आसा. तो माका रोज ताच इचारता. आता तेका काय सांगू, ती माजी बायल म्हणान?" दीपिकाला गंमत वाटली. आपलं वाक्य एवढं फिरून आलं, थेट समुद्रात जाऊन पोचलं, याचा थोडा तोराही वाटला.

हे वाक्य ती रोज ओवीला विचारायची. ओवी दात येण्याच्या वयाची होती तेव्हापासून. शाळेतून आली की, तापात पडली की, रुसून माळ्यावर जाऊन बसली की. हॉस्टेलात गेल्यावर फोनवर पहिलं वाक्य तेच. त्यात काही विचारपूस असते असं दोघींनाही वाटत नव्हतं. 'हॅलो'च्या जागी ते होतं.

एका रविवारी दीपिकाने ते नेहमीसारखं विचारलं आणि पलीकडे एकदम खिदळणं उठलं. चार-पाच मुलींचं. मग ओवीचा आवाज, कोरडा. "आई, मी नंतर करते."

नंतर म्हणजे संध्याकाळी केला. मागे वाऱ्याचा आवाज होता, गच्चीवर गेली असावी.

"आई, फोनवर तसं बोलू नको ना."

"कसा?"

"तसंच. मालवणी. इथे सगळ्या दिवसभर तेच करतात. मी मेसमध्ये ताट घेऊन गेले की मागून कुणीतरी ओरडतंच. माझ्या शेजारच्या कॉटवरची गौरजा, तिने तर माझं नावच बोर्गा ठेवलंय. माझे 'ण' आणि 'न' ऐकून म्हणे."

"त्यांका म्हायत आसा? ता मी—"

"नाही. आणि तू पण कुणाला सांगू नको." मग ओवी हळू म्हणाली, "ते आपलं होतं ना आई. ते वाक्य. तू कशाला दिलंस त्यांना?"

ओठांवर बसलं म्हणून दिलं, हे काही उत्तर नव्हे.

"सोडून दे ना ते काम," ओवी म्हणाली.

"बरं. बघते मी," दीपिका म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की पोटच्या मुलीशी आपण तहसील कचेरीत बोलतो तसं बोललो.

त्यानंतर फोन येत राहिले, पण पाहुण्यासारखे. जेवलीस का? हो. अभ्यास? चालू आहे. काही हवंय का? नको. दीपिका प्रत्येक शब्द पारखून टाकायची, कुठे मालवणी ओघळ तर गेला नाही ना म्हणून, आणि या पारखण्यात बोलायचं ते राहूनच जायचं. मुलगी दूर गेल्याचं तिला एवढं वाटलं नव्हतं. एका घाटाचं तर अंतर. पण आता तिच्याशी बोलायची भाषाच उरली नव्हती, आणि ती आपल्याच हाताने घालवली होती. काम सोडते म्हणून रियाला कळवायला तिने दोनदा मोबाइल उचलला. दोन्ही वेळा खाली ठेवला. बोर्गा गेली तर दुपारी बोलायला कोण, हा हिशेब तिने कुणाला सांगितला नाही.

काम आपणहूनच संपत आलं. रियाचा फोन आला, "ताई, पुढच्या भागात बोर्गा जाते."

प्रसंग असा होता. दुष्ट सरदाराची माणसं एलीनच्या शोधात निघालेली. बोर्गा आपल्या झोपडीत एकटी, बाहेर बर्फ. ती जखमी आहे, आणि तिला कळून चुकलंय की आपण काही एलीनपर्यंत पोचत नाही. मग ती उंबऱ्यावर दोन्ही हात ठेवते, आपल्या जुन्या भाषेत काहीतरी पुटपुटते, एलीनभोवती रक्षण बांधते आणि तिथेच डोळे मिटते. मूळ मालिकेत ती भाषा बनावटच होती, अर्थ नसलेली. मराठीच्या कागदावर लिहिलं होतं: बोर्गा मंत्र म्हणते. मालवणीत. गमतीदार.

"काहीही चालेल," रिया म्हणाली. "भूतबीत, नारळ, कोंबडा, तुमच्याकडे असतं ना ते सगळं."

"मरताना ती लोकांना हसवणार?"

"तिचं कॅरेक्टरच ते आहे ना, ताई. हसवता हसवता गेली की लोक जास्त रडतात."

दीपिकाने तो प्रसंग आवाज बंद करून पाहिला. पुन्हा पाहिला. ती बाई, कोण जाणे कुठल्या देशातली, तिलाही दोन सीझन नुसतं पडायला आणि सांडायला लावलं होतं. आज पहिल्यांदा तिला धड उभं राहायला मिळालं होतं, तेही मरण्यापुरतं. तिचे हात बघण्यासारखे होते. आणि ओठ. एक लांब वाक्य, मग थांबणं. पुन्हा लांब वाक्य, पुन्हा थांबणं. हे थांबणं दीपिकाच्या ओळखीचं होतं. गाऱ्हाण्यात माणूस असाच थांबतो.

घाटावर गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. तळकोकणात ते देवाशी बोलणं. घरातला, भावकीतला मोठा पुरुष देवापुढे किंवा राखणदारापुढे हात जोडून उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने सांगतो, की बाबा, अमुक अडचण आहे, तमुक चुकलं असेल, सांभाळून घे. एकेक वाक्य संपलं की तो थांबतो, आणि मागे उभी असलेली सगळी माणसं, बायका-पोरांसकट, एका सुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' मागून ते आलं नाही तर पुढच्याचं बोलणं अर्धंच. पोरं बोबडं बोलायच्या वयात ते शिकतात, शिकवावं लागत नाही. दीपिकाही इतकी वर्षं मागेच उभी राहून म्हणत आली होती. पुढे उभी ती कधी राहिली नव्हती, बायका राहत नाहीत.

ती शेजारी भाईंकडे गेली. भाई म्हणजे धनेशचे चुलत काका, भावकीत सगळ्यांत वडील. गणपतीत तिच्या घरचं गाऱ्हाणंही तेच घालत. पडवीत बसून ते सुंभ वळत होते.

"भाईनू, येक इचारूचा होता. बायलमाणसान गाऱ्हाणा घातला तर चलता?"

"कित्याक? धनेशाचा बरा आसा मा?"

"बरा आसा. माका सिरेलीत घालूचा आसा."

भाईंनी सुंभ खाली ठेवला. "टीव्हीर?"

"मोबाइलार."

"म्हणजे आता देवाक पण रेंज व्हयी."

"हसा नकात, भाईनू. येक बाय मरता, आणि मरताना आपल्या चेडवासाठी घालता."

"तिका घोव नाय?"

"नाय."

"भावकी?"

"कोणच नाय. ती येकटीच आसा थंय."

भाई अंगणाकडे बघत राहिले. चेष्टा त्यांच्या तोंडावरून उतरली. "कोणच नसात तर बायलमाणूस घालीत नाय तर काय करीत," ते म्हणाले. "पण येक आयक. आपल्या देवांची नावां घेव नको. आणि गाऱ्हाणा खोटा घालूचा नाय. नाटकातला असांदे नायतर मोबाइलातला, तोंडातसून भायर पडला की ता खराच. कोणासाठी घालतंस ता मनात धर, मगे बोल."

"आणि मागसून व्हय म्हाराजा कोण म्हणतला?"

"ता तुज्या मोबाइलवाल्यांका इचार," भाई म्हणाले, आणि सुंभ वळायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपिकाने कडी घातली. काही लिहून घेतलं नव्हतं. पडद्यावर बोर्गाने उंबऱ्यावर हात ठेवले तसे तिने तांदळाच्या पिंपावर ठेवले.

"बा देवा म्हाराजा... हयसरच्या ठिकाणदारा, शिवेवरल्या राखणदारा... आज मी येकटीच तुज्या फुडे उबी आसंय, माजा गाऱ्हाणा आयकान घे म्हाराजा..."

ओठ थांबले. ती थांबली.

"माजा चेडू डोंगरापलीकडे, परमुलखात शिकूक गेलाहा... तेच्या वाटेत काय वाकडा-तिकडा आसात ता बाजूक कर... तेका भूक लागात तेवा कोणाच्या तरी हातान तेका घास दी म्हाराजा..."

थांबली.

"माज्यापायी तेका चार माणसांत लाज वाटली आसात, तर ती चूक माजी, तेची नाय... ती माज्या पदरात घाल, आणि तेका सुखरूप ठेव म्हाराजा..."

पुन्हा थांबली. हेडफोनमध्ये तिचाच श्वास होता, दुसरं काही नाही. मागे कुणी नसलेलं गाऱ्हाणं तिने आजवर ऐकलं नव्हतं. गोधड्यांनी तिचा आवाज गिळून टाकला, भिंतींनी परत दिला नाही. बोर्गाने डोळे मिटले तरी दीपिका काही वेळ पिंपावर हात ठेवून बसून राहिली, कुणी म्हणेल म्हणून. मग पुन्हा ऐकून न बघता तिने पडवीत येऊन ते पाठवून दिलं.

रियाचा फोन आला. ती म्हणाली, "ताई, हे गमतीदार नाहीये."

"नाही."

"आणि मधे एवढी शांतता? मी चार माणसांचा आवाज टाकते ना. 'हो महाराजा' असं काहीतरी."

"नको," दीपिका म्हणाली. इतक्या दिवसांत तिने रियाला पहिल्यांदाच नको म्हटलं होतं. "ती एकटी आहे. तिच्यामागे कुणी नाही. तसंच ठेव."

"ठेवते. तसंही तिचं शेवटचंच आहे." रिया थोडी घुटमळली. "पुढच्या मालिकेत एक राक्षसाची स्वयंपाकीण आहे. तुमच्या आवाजात छान वाटेल."

"मालवणी बोलणारी?"

"अर्थात."

"विचार करून सांगते," दीपिका म्हणाली.

तो भाग आला तो शुक्रवारी. दीपिकाने एकटीने बघितला, बघून मोबाइल उशाखाली सारला. ओवीला तिने काही कळवलं नव्हतं. काय कळवणार? मी मेले, बघ म्हणून? रविवार गेला, फोन आला नाही. दीपिकाने तो पूर्वीचा फोन, कोरडा, पाहुण्यासारखा, तोही चालला असता असं मनाशी कबूल केलं.

फोन आला तो आठवड्याच्या मध्यावर, तुळशीपुढे दिवा लावून ती पायरी चढत होती तेव्हा.

"हां ओवी, बोल. जेवलीस का?" दीपिका म्हणाली, नीट, पारखून.

"आई, तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"गाऱ्हाणं घातलंयस ते." ओवीचा आवाज चिडका होता, पण कोरडा नव्हता. "आम्ही सगळ्या मिळून बघत होतो, गौरजाच्या लॅपटॉपवर. बोर्गा आता काय बोलते म्हणून सगळ्या हसायच्या तयारीत. तू सुरू केलंस, कुणाला काही कळेना. मग तू थांबलीस ना पहिल्यांदा..."

"थांबले. मग?"

"माझ्या तोंडातून गेलं."

"काय गेलं?"

"काय जातला, आई. व्हय म्हाराजा."

दीपिका पायरीवरच बसली.

"मोठ्यान?"

"मोठ्यान. गणपतीत म्हणतो तसाच. सगळी पोरां माज्याकडे बघूक लागली." ओवीला आपली भाषा घसरल्याचं कळलं नव्हतं. दीपिकाने ते जाणवूही दिलं नाही. "मगे तू परत थांबलंस, माज्या तोंडातसून परत गेला. तिसऱ्या टायमाक मी तोंडार हात धरलंय, तरी गेला."

दीपिकाला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांतही पाणी आलं. दोन्ही तिने आवाज न करता होऊ दिलं.

"मगे काय झाला?"

"मग गौरजाने विचारलं, तुला गं काय माहीत तिथे काय म्हणायचं ते? मी म्हटलं, आमच्याकडे असतं. ती म्हणाली, म्हणजे बोर्गा तुमच्याकडची?"

"तू काय सांगलंस?"

"मी म्हटलं, हो. वालावलची आहे. माझी आई आहे हे नाही सांगितलं. अजून नाही."

"असांदे."

"आणि ते लाजेचं वाक्य, ते तू घालायला नको होतंस. मेसमध्ये ओरडायच्या त्या, तू नव्हेस."

"गाऱ्हाणा खोटा घालूचा नसता, ओवी."

पलीकडे कुठेतरी बादली आपटल्याचा आवाज झाला, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. मग ओवीने विचारलं, "आता बोर्गा मेली. मग तू दुपारची काय करतंस?"

हे दीपिकाला कुणीच विचारलं नव्हतं. धनेशने नाही, रियाने नाही, मासेवाल्या सावित्रीनेही नाही, जी बाकी सगळं विचारते. काही नाही, निजते, असं सांगून टाकणं सोपं होतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं.

"कडी घालून बसतंय," ती म्हणाली. "बोलूक कोण नसता."

ओवीने ते ऐकलं. मग जरा भराभर बोलली, "दुपारी मेसमधून निघाले की लायब्ररीपर्यंत चालत जाते मी. तेव्हा करीन. रोज नाही हा जमायचं."

"बरा."

"आणि मी कुणाबरोबर असले तर जास्त बोलणार नाही."

"बरा म्हटलंय मा."

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी पालथी पडली, वाडीतली दारं लोटली गेली, आणि दीपिका मोबाइल घेऊन पडवीत येऊन बसली, कारण आतल्या खोलीत रेंज येत नाही. समोरच्या माडांवर ऊन तापलं होतं. भाईंच्या घरातून घोरण्याचा आवाज येत होता. फोन आला नाही. रोज जमायचं नाही हे ओवीने सांगितलंच होतं. दीपिका उन्हं कलेपर्यंत बसली, मग उठून चहा ठेवला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही पडवीतच येऊन बसली.